बारा माणसं की एक न्यायाधीश? खटला न्याय्य कशाने होतो

प्रश्न विचारणाऱ्या बाई कोथरूडच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते, तिकडची नागरिक झाली आहे. तिला ज्युरी म्हणून हजर राहण्याचं पत्र आलं. बाई लिहितात: "माझ्या मुलीने कायद्याचं एक पुस्तक उघडलेलं नाही. तरी तिकडे तिला माणूस दोषी की निर्दोष हे ठरवायला बोलावतात. आपल्याकडे मात्र एकच न्यायाधीश सगळं ठरवतो. यातलं जास्त न्याय्य कोणतं? नानावटींच्या खटल्यामुळे आपली ज्युरी गेली म्हणतात, ते खरं का? आणि माझ्यासारख्या सामान्य माणसाला कोर्टात काही जागा आहे की नाही?"

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. बरीच वर्षं आरोपीच्या बाजूने उभा राहिलो, मधली काही वर्षं सरकार पक्षाचं काम केलं. म्हणून दोन्हीकडून बोलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निकाल एकाने दिला की बारा जणांनी, यापेक्षा दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. निकाल देणाऱ्याने साक्षीदाराला स्वतः पाहिलं, ऐकलं का? आणि असाच निकाल का दिला, हे त्याला लिहून द्यावं लागतं का? पहिल्या गोष्टीत ज्युरी आपल्यापेक्षा खूप पुढे आहे. दुसऱ्या गोष्टीत आपली पद्धत पुढे आहे. ज्युरी परत आणावी असं मला वाटत नाही, पण ज्युरी गेली तेव्हा तिच्याबरोबर जे गेलं ते आपण नीट मोजलंच नाही.

आधी तुमच्या लेकीचं काम. तिकडे खटल्याचं काम दोघांत वाटलेलं असतं. कायदा काय म्हणतो, कोणता पुरावा समोर येऊ द्यायचा, कोणता प्रश्न विचारू द्यायचा, हे न्यायाधीश बघतो. प्रत्यक्षात काय घडलं, कोणाचं खरं मानायचं, हे ज्युरी ठरवते. शेवटी न्यायाधीश ज्युरीला लागू असलेला कायदा समजावून सांगतो आणि ज्युरी बंद खोलीत चर्चेला बसते. चर्चा चालू असताना आतलं बोलणं बाहेर सांगितलं जात नाही. बाहेर येतो तो फक्त निर्णय, दोषी किंवा निर्दोष. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं आणि ते प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बारापैकी दहा जण एका मताचे असले तरी चालतं. शिक्षा ठरवणं बहुतेक वेळा न्यायाधीशाकडेच असतं.

आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच खुर्चीत आहेत, आणि यातला सर्वांत अवघड भाग बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. एक उदाहरण देतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या कायद्यात ते कलम २३ मध्ये आलं आहे. कारण उघड आहे, कोठडीत माणूस काय वाटेल ते कबूल करतो. ज्युरी असती तर असा कागद तिच्या नजरेलाच पडला नसता. त्यावरचा वाद न्यायाधीशाने ज्युरीला बाहेर पाठवून ऐकला असता. आपल्याकडे आक्षेप ज्याच्यापुढे घ्यायचा त्यालाच शेवटी निकाल द्यायचा आहे. तोच तो कागद वाचतो, तोच म्हणतो की हा पुराव्यात घेता येणार नाही, आणि मग वाचलेलं बाजूला ठेवून त्यालाच आरोपीचं भवितव्य ठरवायचं असतं.

त्यात भर म्हणजे, पुराव्याच्या प्रत्येक आक्षेपावर थांबून निर्णय देत बसल्याने खटले रखडतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एक वाट घालून दिली. आक्षेप नोंदवून घ्या, कागदाला तात्पुरती निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, द्या, आणि तो पुरावा घ्यायचा की नाही हे निकालाच्या वेळी ठरवा. वेळेच्या दृष्टीने ते गरजेचं होतं, पण त्यामुळे न्यायाधीशाच्या मनावरचं ओझं वाढलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ही वाट बदलली: आक्षेपावर शक्यतो तिथल्या तिथे, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना निर्णय द्या. मी अशा न्यायाधीशांपुढे उभा राहिलो आहे जे निकालपत्रात स्वच्छ लिहितात: अमुक निशाणीचा कागद विचारात घेतलेला नाही, त्याचं कारण असं, आणि तो वगळून उरलेला पुरावा असा. आरोपीचा वकील म्हणून तो परिच्छेद मी आधी शोधतो. तो नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच मिळतो.

कारणं लिहिण्याची सक्ती हा आपल्या पद्धतीचा कणा आहे. निकालपत्रात ठरवायचे मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरचा निर्णय आणि त्याची कारणं असलीच पाहिजेत, असं कायदाच सांगतो. पुण्यातलंच उदाहरण घ्या. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. आरोपनिश्चिती २०२१ मध्ये झाली. निकाल १० मे २०२४ रोजी लागला: गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, उरलेल्या तिघांची निर्दोष मुक्तता. निकालानंतर कोणी समाधानी होतं, कोणी अस्वस्थ. पण दोघांवर गुन्हा का शाबीत झाला आणि तिघांविरुद्धचा पुरावा कुठे कमी पडला, हे कोणालाही बसून वाचता येतं. अपिलात त्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवता येतं. ज्युरीपुढे हाच खटला चालला असता तर पाच नावांपुढे पाच निर्णय मिळाले असते आणि का, हा प्रश्न कायमचा बंद खोलीत राहिला असता. अकरा वर्षं वाट पाहिलेल्या कुटुंबाला, आणि सुटलेल्या माणसालाही, कारण समजायला हवं. सुटलेल्या माणसाला तर जास्तच, कारण 'पुराव्याअभावी सुटला' आणि 'याचा संबंधच नव्हता' यातला फरक त्याला पुढे आयुष्यभर जगायचा असतो.

आता नानावटी. 'त्या खटल्यामुळे ज्युरी गेली' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलं आहे की वकीलसुद्धा ते म्हणतात. तारखा बघा. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर मुंबईत गोळ्या झाडल्या त्या २७ एप्रिल १९५९ रोजी. ज्युरी पद्धत बंद करावी अशी शिफारस मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात केली ती १९५८ मध्ये, म्हणजे गोळी सुटायच्या आधी. त्याही आधी, १९५५ च्या दुरुस्तीने, सत्र न्यायालयात न्यायाधीशाला नुसतं मत देणारे असेसर गेले होते. नानावटींचा खटला हा देशातला शेवटचा ज्युरी खटलाही नव्हता, इतरत्र ज्युरी त्यानंतरही बसत होती. शेवटी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी ठेवलीच नाही आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता लागू झाली. नानावटी प्रकरणाने लोकांना एक ठळक कारण दिलं, एवढंच.

त्या खटल्यातून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. जुन्या संहितेतल्या कलम ३०७ प्रमाणे त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. लोकांच्या लक्षात राहिली ती 'ब्लिट्झ' साप्ताहिकाची नानावटींच्या बाजूची मोहीम आणि कोर्टाबाहेरची गर्दी. माझ्या मते खरा दोष आणखी एका ठिकाणी होता. ज्युरीला कायदा समजावून सांगताना महत्त्वाच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या, काही चुकीच्या सांगितल्या गेल्या, असं वरच्या न्यायालयांनी दाखवून दिलं. गोळी झटापटीत चुकून सुटली असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवण्याची जबाबदारी कोणावर? बायकोची कबुली ऐकल्यावर माणूस तिला आणि मुलांना सिनेमाला सोडतो, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतो, आधी आहुजांच्या ऑफिसात आणि मग घरी जातो, यात तीनेक तास गेलेले असताना 'एकाएकी आलेला क्षोभ' म्हणता येईल का? हे प्रश्न नीट उलगडून सांगितल्यावर त्याच नऊ जणांनी काय केलं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. सामान्य माणसं निकाल देणार असतील तर त्यांना कायदा समजावणाऱ्याचं काम किती नाजूक आहे, हे त्या प्रकरणात दिसतं.

ज्युरीत कोण बसतं, हाही प्रश्न तेवढाच मोठा, आणि पुण्याच्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागू नये. लोकमान्य टिळकांवरचे राजद्रोहाचे दोन्ही खटले मुंबईत ज्युरीपुढे चालले. १८९७ मध्ये सहा युरोपीय आणि तीन भारतीय, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपीय आणि दोन पारशी, आणि २२ जुलैला निकाल सात विरुद्ध दोन. 'केसरी'तले लेख मराठीत, ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा न्यायमूर्ती दावर यांनी दिली, पण दोषी ठरवलं ते ज्युरीने. ज्युरी म्हणजे लोकांचा न्याय असं म्हणताना, कोणते लोक, हा प्रश्न त्याच श्वासात विचारावा लागतो. उलट १९१६ मध्ये पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचे जामीन मागितले, ते उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी, ज्युरीशिवाय, भाषणं समग्र वाचून रद्द केले. तिथे बॅ. जिना टिळकांच्या बाजूने उभे होते.

चार लोकांनी बसून न्याय करायचा, हे आपल्याला इंग्रजांनी शिकवलं असंही नाही. गोतसभा होती, वतनाच्या तंट्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत, दोन्ही बाजूंकडून आधी राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, लिहून घेत की निवाडा मान्य करू, आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, प्रत्येकाची निशाणी पडे, पाटलाचा नांगर वगैरे. आपल्या गावात न्याय मिळणार नाही असं वाटलं तर परस्थळ मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे तंटा नेता येई. आज आपण खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून मागतो, ती गरज तेव्हाही ओळखलेली होती. पण गोतात कोणी बसायचं हे वतनाने आणि जातीने ठरत होतं. ज्याला तिथे बसायची मुभाच नव्हती त्याच्या वाट्याला कसला निवाडा येत असेल, हे विसरून त्या पद्धतीचं कौतुक करणं मला जमत नाही.

लोकांच्या भावना कोर्टाच्या दारापर्यंत येतात तेव्हा काय होतं, हे या शहराने दोनदा जवळून पाहिलं आहे. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर खूनसत्रात दहा माणसं मारली गेली. अंधार पडला की दारं लागायची, ओळखीच्या माणसालासुद्धा नाव विचारून मग कडी काढायची, असे ते दिवस. खटला पुण्यातच चालला. माफीच्या साक्षीदाराची साक्ष त्यात महत्त्वाची होती. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला आणि स्वतःची मान सोडवून घेतलेला माणूस. त्याच्या शब्दावर एकट्यावर विसंबू नये, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधावा, अशी कोर्टाची पक्की शिस्त आहे. त्या वर्षी पुण्यातल्या बारा माणसांना ही शिस्त पाळा म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा होती. सत्र न्यायाधीशाला मात्र ती पाळली आहे हे लिहून दाखवावं लागलं, आणि फाशीची शिक्षा असल्याने उच्च न्यायालयाने ती पुन्हा मुळापासून तपासून कायम केल्याशिवाय अमलात येणारच नव्हती. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

दुसरा प्रसंग कल्याणीनगरचा. १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याच दिवशी, रविवारी, बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्या मुलाला जामीन दिला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. सगळं शहर पेटलं. यात तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारी एक बाब आहे, जी तेव्हाच्या गदारोळात मागे पडली. बाल न्याय मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. म्हणजे वकील किंवा न्यायाधीश नसलेली माणसं न्यायासनावर बसण्याची सोय आपल्या कायद्यात आजही आहे. मंडळ बसलेलं नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढे हजर करता येतं, आणि तो आदेश बिगर-न्यायिक सदस्याने एकट्याने दिलेला होता. कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक शेजारी बसून, एकमेकांना विचारून निर्णय घेतील, या अपेक्षेने रचलेली व्यवस्था त्या रविवारी एका माणसावर आली. पुढे चौकशी झाली, मंडळाच्या दोन्ही बिगर-न्यायिक सदस्यांच्या नेमणुका सरकारने संपवल्या. त्याआधी, जामिनानंतर काही दिवसांतच निरीक्षणगृहात पाठवलेल्या त्या मुलाला तिथून सोडायला उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी सांगितलं, कारण जामीन कायम असताना त्याला तिथे ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. लोकांना तो आदेश आवडला नाही. मेलेल्या मुलांच्या आईबापांचा विचार करून माझाही जीव तुटला. पण त्या दिवशी पुण्यातली बारा माणसं त्या जागी बसली असती तर त्यांनी कायद्याला धरून तो आदेश दिला असता असं मी मनापासून म्हणू शकत नाही, आणि आपल्यावर वेळ आली तर आपल्यालाही कायद्याला धरूनच आदेश हवा असतो.

इथवर वाचून वाटेल की मी न्यायाधीशांचाच वकील आहे. तर आता आपल्या पद्धतीचं दुखणं सांगतो.

ज्युरीचा खटला सलग चालवावा लागतो. बारा माणसांना नोकरीधंद्यातून उठवून आणलेलं असतं, त्यांना दोन महिन्यांनी परत या, एक साक्षीदार ऐका, असं सांगता येत नाही. आपल्या संहितेतही सुनावणी रोजच्या रोज चालवावी असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात सरतपासणी, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न, एका तारखेला होते, उलटतपासणी पुढच्या तारखेला, डॉक्टर तिसऱ्या तारखेला येतात, तपास अधिकाऱ्याची बदली गडचिरोलीला झालेली असते. दरम्यान न्यायाधीशांचीही बदली होते. नवे न्यायाधीश आधीच्यांनी नोंदवलेली साक्ष वाचून पुढे जातात, कायदा त्याला परवानगी देतो. म्हणजे ज्याने साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं पाहिलं तो निकाल देत नाही, आणि जो निकाल देतो त्याने साक्षीदाराला पाहिलेलंच नसतं.

यात काय हरवतं ते साक्ष कशी नोंदवली जाते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. मुळशीतली एखादी बाई पिंजऱ्यात उभी राहते. मी विचारतो, "त्या वेळी अंधार होता ना?" ती लगेच बोलत नाही. फिर्यादीकडे बघते. मग म्हणते, "अंधार व्हता, पण म्या वळखला त्याला, चालीवरनं." न्यायाधीश लेखनिकाला सांगतात आणि कागदावर येतं: 'घटनेच्या वेळी अंधार होता. मी आरोपीस त्याच्या चालण्याच्या पद्धतीवरून ओळखले.' शेवटी मी आरोपीच्या वतीने माझं म्हणणं तिच्यापुढे ठेवतो आणि कागदावर येतं: 'मी आरोपीस ओळखले नव्हते व आज खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' अर्थ बरोबर आहे, कोणी काही बदललं नाही. पण ती थांबली, तिने कोणाकडे पाहिलं, 'चालीवरनं' म्हणताना तिचा आवाज ठाम झाला की पडला, यातलं काही कागदावर नाही. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशाने शेरा नोंदवावा अशी तरतूद संहितेत आहे. ती तरतूद फार कमी वापरली जाते. दोन वर्षांनी नवे न्यायाधीश हा कागद वाचतात आणि त्यांच्यासमोर अगदी नीटनेटकी, एकाच सुरात बोलणारी बाई उभी राहते. ज्युरी असती तर ती बाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली असती आणि आठवड्याच्या आत निर्णय दिला असता. हा तोटा खरा आहे, आणि तो आरोपी व फिर्यादी दोघांचाही आहे.

दुसरं दुखणं सवयीचं. सत्र न्यायाधीश एकाच साच्यातले पंचनामे, एकाच साच्यातल्या फिर्यादी वर्षानुवर्षं वाचतो. 'आरोपीने स्वखुशीने कोयता काढून दिला' हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेलं असतं की एक तर त्याचा त्यावर विश्वासच उरत नाही, किंवा तो ते न तपासता पुढे जातो. ज्युरीतला माणूस ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो. तो विचारेल, पोलिसांच्या ताब्यातला माणूस स्वखुशीने कसा? हा ताजेपणा मोलाचा आहे. चांगला न्यायाधीश तो टिकवतो. साक्षीदाराला कोणत्याही टप्प्यावर स्वतः प्रश्न विचारायचा अधिकार त्याला आहे आणि त्याने मुका प्रेक्षक होऊन बसू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावलं आहे. २००४ च्या बेस्ट बेकरी निकालात ते कडक शब्दांत आलं आणि तो खटला गुजरातेतून महाराष्ट्रात नव्याने चालवायला पाठवला गेला. मात्र रोजच्या बोर्डावर शंभराच्या आसपास प्रकरणं असलेल्या न्यायाधीशाकडून हा ताजेपणा रोज मागणं मला जड जातं. यावर उपाय जास्त न्यायाधीश नेमणं हाच आहे, आणि खुनाचा खटला एकदा साक्षीपुराव्याला लागला की तो संपेपर्यंत त्या न्यायाधीशाची बदली न करणं. हे दुसरं उच्च न्यायालयाच्या हातात आहे.

तिसरा एक मार्ग जगात आहे. जर्मनीने १९२४ मध्ये जुनी ज्युरी बंद केली आणि न्यायाधीशांशेजारी सामान्य नागरिक बसवले. जपानमध्ये २००९ पासून गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एकत्र बसतात, बहुमत लागतं आणि त्या बहुमतात किमान एक न्यायाधीश असावा लागतो. कारणंही लिहिली जातात. आपल्याकडे कधी काही करायचंच ठरलं तर मी ज्युरीपेक्षा याकडे आधी बघेन. पण सुनावणी सलग होत नाही तोवर तेही चालणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सामान्य माणसाची जागा. ती आहे, आणि खटल्याच्याही आधी, तपासाच्या टप्प्यावरच आहे: पंच. झडती-जप्तीसाठी कायदा त्या परिसरातल्या स्वतंत्र आणि प्रतिष्ठित माणसांना बोलवायला सांगतो, आणि घटनास्थळ, आरोपीने काढून दिलेलं हत्यार यांच्या पंचनाम्यालाही पंच घेण्याची पद्धत आहे. पोलिसांनी खरोखर तिथे, तेव्हा, तेच सापडवलं का, हे सांगणारा तो एकमेव बाहेरचा माणूस. आणि नेमके इथेच आपण पळतो. सोसायटीत पोलीस आले की दारं बंद होतात. मग चौकीजवळचा चहावाला, ओळखीचा रिक्षावाला असे नेहमीचे पंच येतात, कोऱ्यावर सह्या करतात आणि कोर्टात येऊन 'मला काही माहीत नाही' म्हणतात. फितूर पंचामुळे खरा खुनी सुटताना मी पाहिला आहे, आणि खोट्या पंचनाम्यावर निरपराध माणूस वर्षं तुरुंगात काढतानाही. हल्ली गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच घेतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. चांगलं आहे. पण कॅमेऱ्याला उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाही.

लेकीला सांगा, जरूर जा. खटला चालू असताना त्याबद्दल इंटरनेटवर काही शोधायचं नाही आणि घरी फोनवरसुद्धा बोलायचं नाही, एवढं तिने पाळलं पाहिजे. तुम्ही स्वतः एकदा शिवाजीनगरला या. फौजदारी न्यायालय खुलं असतं, लैंगिक अत्याचाराचे आणि बालकांचे खटले सोडले तर मागच्या बाकावर बसायला परवानगी लागत नाही. मोबाईल बंद ठेवा, सकाळी अकराला या, आणि ज्या सत्र न्यायालयात साक्ष चालू असेल तिथे बसा.

आणि कधी पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. झडतीसाठी लेखी आदेश दिलेला असेल तर योग्य कारणाशिवाय नकार देणं गुन्हाही आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं आहे का ते वाचा, वेळ आणि जागा बघा, वस्तूला तुमच्यासमोर लाखेचं सील लावलं का बघा, सहीची चिठ्ठी त्यावर चिकटवली का बघा, आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर कधीही नाही. त्या रात्री घरी येऊन तारीख, वेळ, कोण कोण होतं, एवढं वहीत लिहून ठेवा. साक्षीचं समन्स काही वर्षांनी येईल. तेव्हा सरकारी वकिलांना भेटून तुमच्या सहीचा पंचनामा वाचायला मागा, स्मृती ताजी करायला कायद्याची हरकत नाही. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर जे आठवत नसेल ते 'आठवत नाही' असंच सांगा, कोणत्याही बाजूच्या वकिलाने कितीही आग्रह धरला तरी.